गळ किती खोल सोडायचा

पुण्याच्या टीमबरोबर दर सोमवारी कॉल असतो. (इकडे सकाळचे ९, तिकडे रात्रीचे साडेनऊ.) पहिली दोन मिनिटं हवापाण्यात जातात. मागे एकदा "वीकांताला काय केलंस?" या प्रश्नाला मी "ट्रोलिंग" असं सरळ उत्तर दिलं आणि पलीकडे एकदम शांतता. मग एकीने हळूच विचारलं, "कुणाला?"

तर मंडळी, गैरसमज नसावा. बोट अगदी हळू चालवायची आणि मागे पाण्यातून गळ ओढत न्यायचा, याला ट्रोलिंग म्हणतात. जालावरच्या ट्रोलांना ते नाव इथूनच मिळालं असं बरेच जण मानतात. आमिष टाकायचं, हळूहळू ओढत राहायचं, कुणी ना कुणी चावतंच. कोकणात जे मोठमोठे ट्रॉलर असतात ते वेगळे. ते जाळं ओढतात, समोर येईल ते गोळा करतात. ट्रोलिंगमध्ये एक दोरी, एक गळ आणि नशीब असेल तर एक मासा.

मी हे करतो ते सिअ‍ॅटलजवळच्या प्युजेट साउंडमध्ये आणि मासा असतो सामन. इथे एक खुलासा करून टाकतो, कारण दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "अरे म्हणजे आपला रावसच की." नाही हो. मुंबईच्या हॉटेलांनी मेनूकार्डावर रावसाला इंडियन सामन करून टाकलंय, पण दोघांचं काही नातं नाही. रावस आयुष्यभर समुद्रात आणि खाडीत राहतो. सामन नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत येतो. प्रशांत महासागराच्या या बाजूला त्याच्या पाच जाती आहेत. त्यातला सगळ्यात मोठा चिनूक. इथले लोक त्याला राजा म्हणतात, आणि सगळी धडपड असते ती त्याच्यासाठी.

आता माझं गाव सास्तूर, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव म्हणजे आधीचा उस्मानाबाद. समुद्र तिथून तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. (गावाचं नाव सांगितलं की लोक "भूकंपवालं का?" विचारतात. हो, तेच. ३० सप्टेंबर १९९३.) आमच्याकडे मासेमारी म्हणजे तेरणेतला डोह, गळाला गांडूळ आणि ज्वारीच्या धाटाच्या भेंडाचा तरंगा. वडील, म्हणजे अण्णा, त्यातले उस्ताद. तरंगा दोरीवर वरखाली सरकवून गळ किती खोल राहील ते ठरवायचं. एक परस, दीड परस. "मासा कुठल्या मजल्यावर ऱ्हायलाय ते कळलं पायजे," असं ते म्हणायचे. तेव्हा आमच्या गावात एकमजलीच घरं होती, तरी हा शब्द त्यांना कुठून सुचला कुणास ठाऊक.

तर सगळी कथा या मजल्याची आहे.

डोहात पाणी थांबलेलं असतं. दोरी सरळ खाली जाते, प्रश्न मिटला. पण बोट चालत असेल तर? दोरी मागे तिरकी होते आणि गळ वर येतो. वजन वाढवलं तर थोडा खाली जातो, पण मग मासा लागल्यावर आपण मासा ओढतोय की ते वजन ओढतोय तेच कळत नाही. चिनूक तर उन्हं वर आली की शंभर, दीडशे फूट खाली जातो. हिवाळ्यात जे चिनूक साउंडमध्येच राहतात ते तळापासून पाच-दहा फुटांवरच फिरतात, कारण त्यांचं खाणं, म्हणजे वाळूत घुसून राहणारे बारीक मासे, तिथेच असतं. एवढ्या खाली, चालत्या बोटीतून, हलकासा गळ नेमका कसा न्यायचा?

याचं उत्तर म्हणजे डाउनरिगर. यंत्र अगदी साधं आहे. आपल्या विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे आणा. बोटीच्या मागच्या कडेला एक चरखी, तिच्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला शिशाचा गोळा. गोळा १२ ते १५ पौंडांचा, म्हणजे साडेपाच ते सात किलो. चरखीवर आकडे फिरतात, किती फूट तार खाली गेली ते दाखवतात. आता गळाची दोरी वेगळी आणि ही तार वेगळी. गळ आधी बोटीमागे पंधरा-वीस फूट सोडून द्यायचा, मग त्याची दोरी गोळ्याजवळच्या एका चिमट्यात अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. गोळा जाईल तिथे गळ जातो. वर काठी तिच्या खोबणीत उभी करून दोरी ताणून घ्यायची, इतकी की काठी धनुष्यासारखी वाकली पाहिजे.

माशाने गळ धरला की दोरी चिमट्यातून सुटते. वाकलेली काठी फाटकन सरळ होते आणि दुसऱ्या क्षणाला पुन्हा वाकते, ती आता माशाने. गोळा राहिला तारेवर बाजूला. तुमच्या हातात फक्त काठी, दोरी आणि मासा. वजनाचं काम संपलं की वजन आपोआप बाजूला होतं! सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको. दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या ठेवण्यासाठी आम्ही आठवडाभर मीटिंगा घेतो, इथे तेच काम प्लॅस्टिकचा एक चिमटा करतो.

ही यंत्रं लोकप्रिय झाली तीही मजेदार जागी, समुद्रापासून लांब. १९६६ साली अमेरिकेच्या मधोमध, मिशिगन सरोवराच्या खोऱ्यात, कोहो जातीचे सामन मुद्दाम आणून सोडले. तिथे एलवाइफ नावाच्या बारक्या माशांचा सुळसुळाट झाला होता, त्यांना खायला कुणीतरी हवं होतं. कोहो खाऊन खाऊन मोठे झाले, पण उन्हाळ्यात गार पाण्याच्या थरात खोल जाऊन बसायचे. मग लोकांनी गळ खाली न्यायची ही युक्ती उचलून धरली.

बाकीचा सरंजाम थोडक्यात. गळाच्या पुढे एक ११ इंची चपटी पट्टी असते, फ्लॅशर म्हणतात. ती पाण्यात गरगर फिरते आणि चमकते. लांबून बघणाऱ्या सामनला वाटतं, कुणीतरी दुसरा सामन बारक्या माशांवर तुटून पडलाय, आपणही जावं. तिच्यामागे साडेतीन फूट दोरीवर आमिष. कधी रबरी माकूल, कधी पत्र्याचा चमचा, कधी खरा हेरिंग. फ्लॅशर फिरताना आमिषाला झटके देते, म्हणून ते जिवंत वाटतं. बोटीचा वेग ताशी दोन ते तीन मैल, आपण भाजी आणायला निघतो त्या चालीचा. आणि प्रवाहाच्या दिशेने जायचं, विरुद्ध नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते तारेचं गणित. चरखी म्हणते १०० फूट. पण पाण्याच्या ओढीने तार मागे झुकलेली असते. ३० अंश झुकली असेल तर गोळा खरा ८७ फुटांवर आणि ४५ अंश झुकली तर फक्त ७१ वर. (दहावीतला कोसाइन. "याचा पुढे काय उपयोग?" असं सरांना विचारणाऱ्या सगळ्यांना सप्रेम.) हे गणित डोक्यात नसेल तर माणूस दिवसभर १०० फूट म्हणत ७१ फुटांवर गळ फिरवतो आणि संध्याकाळी मासेच नव्हते म्हणून सांगतो.

दुसरी गोष्ट काठीच्या टोकाची. फ्लॅशर नीट फिरत असेल तर टोक एका लयीत हलतं. टुक, टुक, टुक. लय बिघडली की समजायचं गळात शेवाळ अडकलंय किंवा एखादा बारका मासा लागून नुसता लोंबकळतोय. प्रॉडक्शन सर्व्हरच्या आलेखाकडे बघत बसण्यासारखंच आहे हे, फक्त वारा चांगला असतो आणि मध्यरात्री कुणी उठवत नाही. (पहाटे साडेतीनला मात्र स्वतःच उठावं लागतं.)

असो. अण्णा आणि माय तीन महिन्यांसाठी इकडे आले होते तेव्हाची गोष्ट सांगायचीय.

बोट माझी नाही. माझ्या टीममधल्या एका सहकाऱ्याची आहे. बॅलर्डचा, मूळ नॉर्वेच्या घराण्यातला, आणि त्याला आम्ही कॅप्टन म्हणतो. जुलैतल्या एका शनिवारी पहाटे साडेचारला आम्ही तिघे शिलशोलच्या धक्क्यावरून निघालो. अण्णांसाठी पाहुण्यांचं थोड्या दिवसांचं लायसन्स काढलं होतं. डोक्याला मफलर, वर माझं जाकीट, त्याच्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. साउंड ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला जेफरसन हेडपाशी पोचलो तेव्हा फटफटत होतं. दक्षिणेला माउंट रेनिअरचा बर्फ गुलाबी झाला होता. मी अण्णांना तो दाखवला. त्यांनी बघितला, "व्हय" म्हणाले आणि पुन्हा चरखीकडे बघायला लागले.

कॅप्टनने पहिला गोळा ६० फुटांवर थांबवला.

"एवढ्या वर?"

"अजून अंधार आहे अण्णा. उजेड झाला की खाली नेऊ."

"बराबर," अण्णा म्हणाले. "उजेड झाला की मासा खाली जातोय." कॅप्टनला मी हे भाषांतर करून सांगितलं तर त्याने अण्णांना सलामच केला.

पुढचा तासभर काही नाही. ८० फूट, १००, १२०. एडमंड्सहून किंग्स्टनला जाणारी फेरी उत्तरेला दोनदा इकडून तिकडे गेली. तार हवेत बारीक गुणगुणत असते, आपल्याकडे वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणतात तशी. अण्णांनी डबा उघडला. शेंगाची चटणी आणि भाकरी मायनं बांधून दिली होती. कॅप्टनने चटणीचा पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आणलं आणि दुसरा मागितला.

सव्वासहाच्या सुमाराला उजवी काठी फाटकन सरळ झाली.

मी काठी उचलून अण्णांच्या हातात दिली. कॅप्टनने तार वर घ्यायला सुरुवात केली, म्हणजे दोरी तिच्यात गुंतायला नको. इथल्या नियमाने गळाच्या टोकाला उलटा दात ठेवता येत नाही. दोरी जरा जरी ढिली पडली तरी मासा सुटतो. हे अण्णांना सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या हातातली दोरी एकदाही ढिली पडली नव्हती. मासा पळाला की पळू द्यायचे, थांबला की गोळा करायचे. दोनदा तो शंभर-शंभर फूट दोरी घेऊन गेला, रीळ किंचाळलं, आणि अण्णा हसत होते. मी त्यांना असं हसताना फार दिवसांनी बघत होतो.

पंधरा-वीस मिनिटांनी मासा बोटीच्या कडेला आला. चांदीसारखा, पाठ हिरवट काळी, त्यावर ठिपके. नऊ-दहा किलोंचा तरी असेल. कॅप्टन जाळी घेऊन वाकला, बघितलं, आणि जाळी बाजूला ठेवली.

सामनच्या पाठीवर, शेपटीच्या थोडं अलीकडे, एक छोटासा मांसल पर असतो. अंगठ्याच्या पेराएवढा. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली पिल्लं नदीत सोडायच्या आधी त्यांचा हा पर कापतात. पर नसेल तर मासा केंद्रातला, आणि निदान २२ इंचांचा असला तर ठेवता येतो. पर असेल तर मासा नदीत आपला आपण जन्मलेला. तो ठेवायचा नाही. नुसतं एवढंच नाही, त्याला बोटीत घ्यायलाही बंदी आहे. पाण्यातच गळ काढायचा.

या माशाला पर होता. कॅप्टनने एका आकडीने गळ मोकळा केला. मासा क्षणभर तिथेच थांबला, कल्ले दोन-तीनदा हलले, आणि मग तो नव्हता.

"सोडलास व्हय रं?" अण्णा म्हणाले. मला, कॅप्टनला नाही.

"पर होता, अण्णा."

"मग?"

मग मी सांगायला लागलो. प्युजेट साउंडच्या नद्यांतले चिनूक १९९९ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आहेत. इथले ओर्का देवमासे मुख्यतः चिनूकच खातात आणि २००५ पासून तेही त्याच कायद्याखाली आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात एक ओर्का आई आपलं मेलेलं पिल्लू १७ दिवस डोक्यावर घेऊन पोहत होती, ते सगळ्या जगाने बघितलं. शिवाय हे पाणी मुळात ज्यांचं, त्या जमातींशी १८५४-५५ साली करार झाले, ते पुढे शंभर वर्षं कुणी धड पाळले नाहीत. आपल्याच नदीवर मासे धरले म्हणून बिली फ्रँक या निस्क्वाली जमातीच्या माणसाला पन्नासेक वेळा अटक झाली. शेवटी १९७४ मध्ये जज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांतला अर्धा वाटा जमातींचा. तेव्हापासून दर वसंतात राज्य आणि जमाती एकत्र बसून ठरवतात की यंदा कुठे, किती दिवस, किती मासे. म्हणून आमचा चिनूकचा हंगाम कधीकधी काही दिवसांतच संपतो.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे जो रानातला त्यो सोडायचा, अन जो कारखान्यातला त्यो खायचा."

"हो."

"अन कुठला कोण हाय ते वर आणल्याबिगर कळत न्हाई."

"नाही."

"मग ह्या यंत्राचा उपेग काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. कोसाइन लावून मी गळ फुटाच्या हिशोबाने खाली नेऊ शकतो. पण तिथे चावणारा मासा कुठला, हे गोळ्याला कळत नाही, चिमट्याला कळत नाही. ते कळतं शेवटच्या पाच सेकंदांत, माशाची सगळी ताकद संपल्यावर. सामनचं एक बरं असतं, की पोटातली हवा तो तोंडावाटे सोडू शकतो, त्यामुळे खोलातून वर आणला तरी फुगत नाही. (आपले रोहू-कटलाही याच जातकुळीचे. इथला रॉकफिश मात्र बिचारा डोळे बाहेर आलेल्या अवस्थेत वर येतो.) तरीही सोडलेले सगळे जगत नाहीत. हंगामाचं गणित मांडताना, सोडल्यानंतर किती मरतील याचा अंदाजही त्यात धरलेला असतो. म्हणजे मी सोडलेला प्रत्येक मासा कुणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये काही टक्के मेलेला असतो. 'पकडा आणि सोडा' म्हणजे पुण्यकर्म असं समजणारे इथे पुष्कळ आहेत. मला ते तसं वाटत नाही. मी जातो कारण मला ते आवडतं, एवढंच. आणि केंद्रातले मासे म्हणजे निर्मळ उत्तर आहे असंही नाही. ते लाखांनी नदीत सोडले की रानातल्यांच्या वाट्याचं खातात, त्यांच्यात मिसळतात. यावर इथे कित्येक वर्षं भांडणं चालू आहेत.

साडेआठच्या आसपास दुसरा लागला. साडेतीन किलोंचा, पर कापलेला. तो घेतला. कार्डावर लगेच शाईने नोंद केली, तोही नियम. अण्णांनी कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवून बघितला. कोकराच्या कानाची खूण बघावी तसा.

संध्याकाळी मायनं येसूर लावून रस्सा केला. चिनूकला तेल इतकं सुटतं की फोडणीला तेल घालायचीच गरज नव्हती. बोटीवर गप्प बसलेले अण्णा जेवताना बोलायला लागले. त्यांच्या लहानपणी पहिल्या पावसाला चढणीचे मासे यायचे. तेरणेला लाल पाणी आलं की मासे ओढ्यांतून वर चढायचे, शेताच्या बांधापर्यंत. ओढ्याच्या तोंडाला टोपली लावून बसायचं. पोटं अंड्यांनी टम्म. "ते तर सगळ्यात चवदार," अण्णा म्हणाले. "अन आमी तेच धरायचाव."

मग माकणीचं धरण झालं. भूकंपाच्या काही वर्षं आधीच. (भूकंपानंतर या धरणाकडेही बोट दाखवलं गेलं, शास्त्रज्ञांतही बरीच चर्चा झाली.) धरणात रोहू-कटल्याचं बीज सोडतात. हे मासे मूळ गंगेच्या खोऱ्यातले. १९५७ साली हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन त्यांची अंडी घालवून घेण्याची पद्धत शोधली आणि तेव्हापासून देशभरच्या धरणांत बीज पोचायला लागलं. म्हणजे आम्ही बाजारातून आणून खाल्लेला बहुतेक मासाही कारखान्यातलाच, फक्त पर न कापलेला. (तो पर या माशांना मुळात नसतोच, पण तो मुद्दा वेगळा.) आणि चढणीचे?

"धरण झाल्यावर वरच्या ओढ्याला कमी झाले. मग आटलेच."

मी एल्व्हा नदीबद्दल सांगितलं. इथून पश्चिमेला दोन-तीन तासांवर. शंभर वर्षांपूर्वी तिच्यावर दोन धरणं बांधली, माशांना वाट न ठेवता. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही पाडली आणि सामन पुन्हा वर जायला लागले.

अण्णांचा घास हातातच राहिला. "धरण पाडलं? माशासाठी?"

"हो."

"भरलेलं धरण?"

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते ज्या माणसाने शेजारच्या जिल्ह्यात राहून बघितलंय, त्याला हे कसं पटावं? मलाही तिथे बसून पटलं नसतं. माकणीचं धरण पाडा असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या विरुद्ध बाजूला उभा राहीन आणि एल्व्हाचं धरण पाडलं याचा मला आनंद आहे. दोन्ही एकाच डोक्यात आरामात राहतात. अण्णा फक्त म्हणाले, "यांच्याकडं पाणी लई हाय," आणि भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्यांना बॅलर्डच्या लॉक्सवर घेऊन गेलो. साउंड आणि लेक वॉशिंग्टन यांच्या पातळीत फरक आहे, म्हणून १९१७ पासून इथे दरवाजे लावून बोटी वरखाली करतात. बाजूला माशांसाठी शिडी आहे, २१ पायऱ्यांची, १९७६ साली नव्याने बांधलेली. जमिनीखाली उतरलं की काचेच्या खिडक्या आणि काचेपलीकडे सामन. हिरवट उजेडात, प्रवाहाला तोंड करून जागच्या जागी पोहणारे. माय पाच मिनिटांत वर बागेत गेली. अण्णा खिडकीपाशी उभेच. थोड्या वेळाने कळलं की ते पर मोजतायत.

"ह्याला हाय... ह्याला न्हाई... ह्याला हाय."

मी त्यांना सांगितलं की हे मासे पाण्याच्या वासावरून आपली जन्माची नदी ओळखतात. हजारो मैल फिरून बरोबर तिथेच येतात.

"त्यांचं बरंय," अण्णा म्हणाले. "त्यांचं गाव जागच्या जागी हाय."

आमचं नाही. आम्ही आता राहतो ते नवं सास्तूर. जुन्या जागेवर गेलं की अण्णा अजून अंदाजाने घराची जागा दाखवतात, इथे ओसरी, इथे उतरंड.

पण मला तिथल्या पाटीवर वाचलेलं आठवत होतं. म्हटलं, "नाही अण्णा, यांचंही हललंय." हा कालवा खणला तेव्हा, १९१६ साली, लेक वॉशिंग्टनची पातळी नऊ फूट खाली गेली. तळ्यातून दक्षिणेला वाहणारी ब्लॅक रिव्हर कोरडी पडली. सीडर नदी वळवून तळ्यात आणली. समुद्रातून तळ्याकडे यायची जुनी वाटच संपली आणि ही नवी, दरवाज्यांतून आणि शिडीवरून. त्यातले हे लालसर होत चाललेले सॉकाय तर १९३० च्या दशकात बेकर नदीतलं बीज आणून सोडलं त्यांचे वंशज.

अण्णा बराच वेळ काचेकडे बघत राहिले.

"म्हंजे पुनर्वसन," ते म्हणाले.

सप्टेंबरमध्ये दोघं परत गेली. त्यानंतर आमच्या फोनवर माशांचा विषय फारसा निघाला नाही. सोयाबीन, गुडघे, शेजारच्यांचं लग्न हेच चालायचं. पुढच्या जूनमध्ये एका रविवारी फोन आला तेव्हा मागे पावसाचा आवाज येत होता.

"ओढ्याला पाणी आलंय. जाऊन आलो."

"एवढ्या पावसात? गुडघ्याचं काय?"

"पोरं बसलीती टोपली लावून."

"मासे?"

"बोटाएवढे. पाच-सहा. अंड्याचे होते."

"मग?"

"मग काय. म्हणलं, सोडा रे. व्हय म्हणाली." थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला. "सोडले का न्हाई कुणाला ठाऊक. मी घराकडं आलो. तू कवा जायलास बोट घेऊन?"

"पुढच्या महिन्यात. हंगाम उघडला की."

"सकाळी वर ठेव," अण्णा म्हणाले. "साठ फुटांवर. उजेड झाल्यावर खाली ने."